पँगाँगच्या बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी

लडाख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोम्पा, बुद्धमूर्ती आणि निळे पँगाँग सरोवर उभे राहते. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाने तर हे सरोवर घराघरांत पोहोचविले. आता पै-पै साठवून, एल.टी.सी.चा मेळ घालून आपलीही कुटुंबे तिकडे जातात. काही जण मुद्दाम हिवाळ्यात जातात. त्या बंधु-भगिनींसाठी हे चार शब्द.

लेह सोडून साडेसतरा हजार फुटांवरील चांग ला खिंड ओलांडली, की सुमारे चौदा हजार फुटांवर पँगाँग लागते. पाणी खारे, तरीही थंडीत गोठणारे. फेब्रुवारीत काठावर उभे राहिले तर पाणी दिसतच नाही, दिसते ते पांढरे मैदान. २० फेब्रुवारी २०२३ रोजी याच बर्फावरून लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची शर्यत झाली. लेहच्या गुपुक्स तळ्यावर तर मुले आइस हॉकी खेळतात.

हे पाहून पाहुण्याला वाटते, ते धावतात, मग आपण फोटोपुरती दोन पावले टाकली तर काय बिघडले? धोका नेमका येथेच आहे. शर्यतीआधी मार्गाची पाहणी होते. तेथील माणूस बर्फ ओळखून पाय टाकतो. आपल्याला विहिरीचे, तळ्याचे भान आईबापांनी दिले. बर्फाचे भान कोणी दिले?

बर्फ सगळीकडे सारखा नसतो. गोड्या पाण्याचा स्वच्छ, घट्ट बर्फ किमान चार इंच जाड असेल, तर तो एका माणसाचा भार पेलतो असे मानतात. पांढरा, भुसभुशीत बर्फ याच्या निम्माच बळकट. खाऱ्या पाण्याचा बर्फही कच्चाच. ओढा जेथे तळ्याला मिळतो, झरा असतो, खडक वर येतो, तेथे थर पातळ राहतो. वरचे हिम गोधडीसारखे काम करते. त्याखाली बर्फ नीट धरत नाही आणि भेगाही दिसत नाहीत. म्हणून स्थानिक माणसाने ‘चला’ म्हटल्याशिवाय काठ सोडू नये. मुलांचा हात तर सोडूच नये.

तरीही कोणी आत गेलाच तर? पहिल्या मिनिटात थंडीने धाप लागते. घाबरू नये, श्वास सावरावा. हातपाय चालतात ते जेमतेम दहा मिनिटे. ज्या बाजूने आलो तिकडेच तोंड करावे, कोपरे बर्फावर टेकवावीत, पाय जोराने मारून पोटावर वर सरकावे. बाहेर आल्यावर उभे राहू नये, लोळत काठाकडे यावे.

काठावरच्यांनी धावत जाऊ नये. आपल्याकडे विहिरीत बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणाराही बुडतो, तसेच येथे घडते. काठावरूनच दोर, काठी, ओढणी, जे हाती येईल ते फेकावे. बाहेर काढलेल्याचे ओले कपडे उतरवून कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये, हातपाय चोळू नयेत. लगेच दवाखाना गाठावा.

पँगाँग काठावरूनही तेवढेच सुंदर दिसते. फोटो तेथूनच घ्यावा आणि गेलेली सगळी माणसे घरी परत आणावीत.