मीटिंगांची यादी

आमच्या लालबागच्या खोलीत पंचांग ज्या खिळ्याला लटकायचं, त्याच खिळ्याला एक घडीचा कागद टोचलेला असे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मुंबईतल्या मीटिंगांची छापील यादी. वार, वेळ, जागा, भाषा. बहुतेक जागा चर्चच्या हॉलमधल्या, नाहीतर महापालिकेच्या शाळांमधल्या. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. जागा किंवा वेळ बदलली की ते पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिथल्या तिथे दुरुस्ती करत.

त्याआधी घरानं सगळं करून पाहिलं होतं. आषाढीला माळ घातली, देवापुढे शपथ झाली, मामांनी दम दिला, कुणीतरी दिलेलं औषध आईनं न सांगता भाजीत घातलं. दारू सोडा, असं सगळेच सांगत होते. छापखाना सुटल्यावर सात वाजता, रोज जिथे पावलं वळतात तिथे न जाता नेमकं कुठे जायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. मला आजही वाटतं, व्यसनी माणसाच्या घरातला सगळ्यात कठीण प्रश्न तोच असतो. यादी नेमकं त्याचंच उत्तर द्यायची.

ती त्यांना इस्पितळात मिळाली. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच लागतो. बाबांचे हात थरथरायचे थांबले त्या सुमारास एएचे दोन मेंबर वॉर्डात आले, आपापली कहाणी सांगून गेले आणि उशाशी हा कागद ठेवून गेले. घरापासून चालत जाण्याजोगी मीटिंग त्यात होती. बाबांनी वांद्र्याची निवडली. चाळीत कोण कुठे गेलं हे रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना कळतं. जवळच्या मीटिंगला ते पुष्कळ महिन्यांनी जाऊ लागले.

क्लोज मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. ओपन मीटिंगला घरच्यांनाही जाता येतं. त्यांच्या सोब्रायटीच्या, म्हणजे दारू सुटल्याच्या, पहिल्या वाढदिवसाला आई मला घेऊन गेली. तिसरीचा वर्ग, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, छोट्या बाकांवर गुडघे आवळून बसलेली मोठी माणसं. एक सूट घातलेला, एक हमाल, एक निवृत्त मास्तर. फी नाही, बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही; मेंबरांनी पिशवीत टाकलेल्या पैशातून भाडं आणि चहा. मेंबर व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. बाबा उभे राहिले, नाव सांगितलं आणि म्हणाले, ‘मी बेवडा आहे.’ चाळीत हा शब्द मला चिडवायला वापरला जायचा. इथे तो ऐकून कुणाची मान खाली गेली नाही. मग ते माझ्या कंपासपेटीच्या पैशांबद्दल बोलले. ते पैसे कुठे गेले हे मला माहीत होतं. त्यांनाही आठवतंय, हे त्या दिवशी कळलं.

त्या चळवळीची सुरुवातही एका यादीपासूनच झाली, हे मी पुढे वाचलं. मे 1935. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्यात मार खाऊन अमेरिकेतल्या अक्रन गावी हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चांची यादी. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. ती टिकवायची तर आज एखाद्या पिणाऱ्याशीच बोललं पाहिजे, एवढं त्याला उमगलं होतं. त्या यादीवरून केलेल्या फोनांतून तो डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसले. 10 जूनला डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली. तोच एएचा स्थापना दिवस मानतात. भारतात एए आली 1957 मध्ये. ‘मी कुणाला सुधारायला जात नाही, माझी आजची संध्याकाळ निभावायला जातो,’ असं बाबा म्हणायचे, ते मला या गोष्टीनंतर नीट कळलं.

आई अल-ॲनॉनला, घरच्यांच्या मीटिंगला जाऊ लागली. बाबा घरी आल्यावर तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं तिनं बंद केलं, आणि कितीतरी वर्षांनी ती रात्री गाढ झोपू लागली. तिच्या झोपेबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे.

गणपतीत आम्ही लांज्याकडच्या गावी जायचो. तिथे मीटिंग नव्हती. बाबा संध्याकाळी एसटीडी बूथवरून मुंबईच्या एखाद्या मेंबरला फोन लावत. लॉकडाउनमध्ये मीटिंगा झूमवर आल्या, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्यावरच्या चौकटींत ओळखीचे चेहरे शोधत बसत.

मी आता पुण्यात असतो. ऑफिसातला एक मुलगा मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या या केंद्रानं हजारो घरं सावरली. पण तिथून बाहेर पडल्यावरची संध्याकाळ ज्याची त्यालाच काढावी लागते. त्यानं मला विचारलं, ‘दादा, जवळ कुठे मीटिंग असते?’ यादी आता फोनवर मिळते. त्याच्या घराजवळच्या दोन आणि एक लांबची, अशा तीन जागा मी त्याला लिहून दिल्या. त्यानं लांबची निवडली. शुक्रवारी ओपन मीटिंग आहे. त्याची बायको येणार आहे, आणि ती एकटी नको म्हणून मीही जाणार आहे.