पॉइंट कोणत्या खात्यावर?

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये शेवटच्या पानावर, खालच्या अंगाला एक छोटी चौकट असते. आरंभीची शिल्लक, या महिन्यात जमा, वापरलेले, मुदत संपलेले, अखेरची शिल्लक. बहुतेकांची नजर तिथवर पोचत नाही. देय रक्कम आणि शेवटची तारीख पाहिली की कागद बाजूला पडतो. मी सांगलीत गेली अनेक वर्षं लोकांचे हिशेब तपासते, आणि त्या चौकटीपाशी थांबतेच. कारण ती खतावणी आहे. रुपयांच्या जागी पॉइंट आहेत, एवढाच फरक. आणि खातं आलं की ते कोणत्या सदरात घालायचं, हा प्रश्नही आलाच.

दोन वर्षांपूर्वी औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑडिटला बसले होते. वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणते. कंपन्यांकडून माल उचलायचा आणि बिलं कार्डावर भागवायची, अशी त्यांची पद्धत. मार्चच्या स्टेटमेंटमध्ये ‘वापरलेले’ या रकान्यात आकडा दिसला: ३,१२,०००. टॅली त्यांची सूनबाई सांभाळते. तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, त्यात नातीचा लॅपटॉप आला. पैसे काहीच द्यावे लागले नाहीत.” त्या कार्डाला चार पॉइंटला एक रुपया मिळतो. म्हणजे लॅपटॉप झाला ७८,००० रुपयांचा. वह्यांमध्ये मालाची खरेदी पूर्ण दराने पडली होती, कार्डाची वार्षिक फी जीएसटीसकट खर्ची होती. लॅपटॉप कुठेच नव्हता.

“फुकट आलंय ते. त्याला कसला टॅक्स?” काकांनी विचारलं. मनात काही लबाडी ठेवून नव्हे, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

फुकट काही आलेलं नसतं. आपण कार्ड घासलं की विकणाऱ्याच्या खात्यात पूर्ण शंभर रुपये जात नाहीत. त्याची बँक त्यातून ठरलेली टक्केवारी कापते आणि त्या कापलेल्या रकमेतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यातलाच एक तुकडा ती बँक ग्राहकाला पॉइंट म्हणून परत करते. म्हणजे पॉइंटचे पैसे विकणाऱ्याच्या खिशातून निघाले, आणि त्याने ते मालाच्या भावात धरलेलेच असतात. आपलेच पैसे फिरून आपल्याकडे येतात. आपल्या बाजारपेठेत याला जुना शब्द आहे: वटाव.

जुन्या रोजकीर्द-खतावणीत वटावाचं खातं वेगळं, व्याजाचं वेगळं, दलालीचं वेगळं. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजताना ही सदरं आधी आखून ठेवत. पॉइंटचा करविचार मला त्या वहीइतका नीट दुसऱ्या कशानेच उलगडला नाही. पॉइंट किती मिळाले हे नंतर बघायचं. ते कशापोटी मिळाले, हे आधी विचारायचं.

आपल्या आयकर कायद्यात ‘रिवॉर्ड पॉइंट’ या नावाचं स्वतंत्र कलम नाही. (इथले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात क्रमांक वेगळे आहेत.) पण सरकारने पॉइंटचं नाव घेऊन एकदा सांगितलंय. २०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेवर सरसकट ३० टक्के कर आला. तिची व्याख्या इतकी रुंद होती की विमानाचे माइल्स आणि दुकानाचे पॉइंटही तीत अडकतील अशी भीती निर्माण झाली. म्हणून ३० जून २०२२ रोजी अधिसूचना क्रमांक ७४ निघाली. गिफ्ट कार्ड, व्हाउचर, माइलेज पॉइंट, रिवॉर्ड पॉइंट, लॉयल्टी कार्ड या गोष्टी थेट मोबदला न घेता, योजनेचा लाभ म्हणून दिलेल्या असतील तर त्या आभासी मालमत्ता नाहीत, असं तीत म्हटलं. पुष्कळ जण या अधिसूचनेचा अर्थ ‘पॉइंट करमुक्त’ असा लावतात. तो चुकीचा आहे. पॉइंट क्रिप्टो नाहीत, एवढंच तिने सांगितलं. ते उत्पन्न आहे की नाही, याबद्दल ती एक शब्दही बोलत नाही.

घरखर्चापुरतं कार्ड वापरणाऱ्याने मात्र निर्धास्त राहावं. निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या एक क्लायंट दरवर्षी रिटर्न भरताना किराणा आणि वीजबिलावर मिळालेल्या पॉइंटचा हिशेब वहीत लिहून आणतात. त्यांना मी दरवर्षी तेच सांगते: बाई, हा वटाव आहे. शंभराची वस्तू तुम्हाला नव्याण्णवला पडली. स्वस्त पडलेली वस्तू म्हणजे मिळकत नव्हे. ५०,००० रुपयांवरच्या भेटीवर कर लावणारं कलम ५६ त्यांच्या मनात असतं. पण ते मोबदल्याशिवाय मिळालेल्या रकमेचं आहे, आणि वस्तूंच्या बाबतीत तर त्यात मालमत्तेची मोजकी यादी आहे: जमीन-घर, शेअर, दागिने, सोने-चांदी, चित्रं-शिल्पं वगैरे. पॉइंट त्या यादीत नाहीत.

काकांचं प्रकरण वेगळं होतं, कारण त्यांनी शंभराची खरेदी शंभरालाच खर्ची टाकली होती. नफ्यातून पूर्ण शंभर वजा करायचे आणि परत आलेला वटाव घरी न्यायचा, हे जमत नाही. खर्च तेवढा कमी दाखवा, किंवा कलम २८ खाली धंद्यातून मिळालेला लाभ म्हणून उत्पन्नात घ्या. आकडा एकच येतो. पूर्वी या कलमावर एक पळवाट सांगितली जायची. महिंद्रा अँड महिंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं होतं की या कलमातला लाभ पैशाच्या रूपात नसावा लागतो. त्या खटल्यातली कर्जमाफी म्हणजे रोख लाभ, म्हणून तो त्यात बसत नाही. वाद होता सुमारे ५७ लाख ७४ हजारांचा. २०२३ च्या वित्त कायद्याने ते दार बंद केलं. लाभ रोख असो वा वस्तुरूप, दोन्ही आता कलमात येतात. त्यामुळे पॉइंटचा लॅपटॉप घेतला काय आणि कॅशबॅक घेतला काय, धंद्यापुरता फरक उरलेला नाही.

आता व्याज. खर्च न करता, नुसते पैसे ठेवल्याबद्दल पॉइंट मिळाले तर? अमेरिकेत हे सर्रास चालतं. खातं उघडा, अमुक इतकी शिल्लक ठेवा, बोनस घ्या. आमच्या भागातल्या ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना हे ओळखीचं असेल; बँक बोनसची रक्कम फॉर्म भरून कर खात्याला कळवते आणि मुलगा घाबरून त्या फॉर्मचा फोटो इकडे पाठवतो. तिथल्या कर न्यायालयाने २०१४ मध्ये याचा निकाल दिला. सिटीबँकेत खातं उघडल्याबद्दल एका करदात्याला पॉइंट मिळाले होते, त्यांवर त्याने विमानाचं तिकीट घेतलं. किंमत ६६८ डॉलर. न्यायालय म्हणालं, बँकेला पैसे वापरायला दिल्याचा हा मोबदला आहे, म्हणजे व्याजाच्याच जातीचा. कर बसला. त्याच देशात कार्डावरच्या खर्चाचे पॉइंट साधारणपणे किमतीतली सूट धरतात, त्यांवर कर नाही. मला हा निकाल आवडतो, कारण न्यायाधीशांनी पॉइंटच्या नावाकडे न बघता ते कशापोटी दिले हे विचारलं.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उगवला नाही, याचं कारण आयकरात नाही, रिझर्व्ह बँकेत आहे. ठेवींच्या व्याजदरांबाबतच्या तिच्या निर्देशांत ठेवी गोळा करण्यासाठी बक्षीस, लॉटरी, फुकट सहल असली आमिषं द्यायला बँकांना मनाई आहे. ठेव घेताना फार तर २५० रुपयांपर्यंतची किरकोळ भेट देता येते. बँकेने दिलेली डायरी किंवा स्टीलचा डबा ही त्या नियमाची सीमा. त्यामुळे आपल्या बचत खात्यावरचे पॉइंट बहुतेक डेबिट कार्डाच्या वापरातून येतात, म्हणजे पुन्हा वटावच. कार्डाच्या वापरावर सोडत काढून फोन किंवा गाडी लागली, तर मात्र तो वटाव नव्हे. सोडतीच्या बक्षिसावर थेट ३० टक्के कर लागतो. मिळकत कितीही कमी असो, टप्प्यांचा फायदा मिळत नाही. आणि बक्षीस वस्तुरूप असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने ते हातात द्यायचं नसतं. ओळखीच्यांना कार्ड मिळवून दिल्याबद्दल येणारे पॉइंट ही सरळ दलाली. ती उत्पन्नात धरावी.

याहून जास्त काळजी मला एका वेगळ्या सवयीची वाटते. पॉइंट मिळावेत म्हणून तरुण मुलं मित्र-नातेवाइकांचे खर्च स्वतःच्या कार्डावर घेतात. वर्षाला नऊ लाख पगार असलेल्या एका इंजिनिअर मुलाने मावसभावाच्या लग्नाचा हॉल, केटरर, दागिने सगळं आपल्या कार्डावर चालवलं. वर्षाचा भरणा झाला १७ लाख. कार्डाचा वर्षाचा भरणा दहा लाखांवर गेला की बँक तो आयकर खात्याला कळवते, आणि तो आपल्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो. त्याला विचारणा आली. अर्धे पैसे भावाने रोखीने परत दिले होते, चिठ्ठीचपाटी काही नाही. खर्चाचा उगम सांगता आला नाही तर कलम ६९सी लागतं. १९६१ च्या कायद्यात त्याला ६० टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के. आम्ही हॉलच्या पावत्या, लग्नपत्रिका, भावाचं बँक स्टेटमेंट, त्याने पैसे काढल्याच्या तारखा असं सगळं जुळवलं आणि ते निभावलं. पण त्या पोराची दोन महिन्यांची झोप गेली, ती चार-पाच हजारांच्या पॉइंटसाठी.

पॉइंट कोणाचे, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर सरकारने स्वतःच्या नोकरांना दिलंय. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये काढलेल्या प्रवासभत्त्याच्या आदेशात सरकारी प्रवासाच्या तिकिटांवर मिळालेले माइलेज पॉइंट पुढच्या सरकारी प्रवासालाच वापरायचे, खासगी प्रवासाला वापरले तर कारवाई, असं म्हटलंय. ज्याने तिकिटाचे पैसे दिले, वटाव त्याचा. खासगी कंपन्यांनी हा नियम आपल्या प्रवास धोरणात जसाच्या तसा घ्यावा, असं मी प्रत्येक संचालक मंडळाला सांगते. किती जणांनी ऐकलं हा भाग वेगळा, पण मी सांगणं सोडलेलं नाही.

काकांना त्या दिवशी मी एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, “कंपनीने बिलातच ७८,००० कमी केले असते, तर ते तुम्ही कुठे लिहिले असते?”

“वटावात,” ते लगेच म्हणाले. आणि मग थोडा वेळ गप्प बसले.

तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून २४,३३६ रुपये कर वाढला. तो त्यांनी भरला. नोंद सूनबाईने माझ्यासमोरच घातली: उचल खाते नावे ७८,०००, वटाव खाते जमा ७८,०००. तपशिलाच्या ओळीत तिने स्वतःहून लिहिलं, ‘कार्डाचे पॉइंट, नातीचा लॅपटॉप’.