आजीचे नऊ वाजले!

दोस्तांनो, बर्लिनला राहायला आल्यावर मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल? थंडीनं? छे, घड्याळानं! इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. म्हणजे उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.

साताऱ्याची माझी आजी बरोब्बर नऊला झोपते. गुरुवारी पोहून मी पावणेपाचला घरी येते. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सव्वाआठ, गप्पांना भरपूर वेळ! हिवाळ्यात मात्र सव्वानऊ. (डिसेंबरात इथे चारच्या आतच सूर्य मावळतो, बरं का!)

रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून लोक रानात नाहीतर तळ्याकाठी भटकतात. आम्हीही थर्मास आणि थालीपीठं घेऊन ग्रूनेवाल्डच्या जंगलात जातो, तिथून आजीला फोन लावतो. पण तो फोन सगळ्यांचा. गुरुवारचा फक्त माझा!

परवा तिला विचारलं, "गुरुवारी थोडी जागशील?"

"जागेन की गं," ती म्हणाली. मग हळूच, "पण डोळे मिटतात."

पोहणं सोडू का? अजून ठरलेलं नाही.