सायकलीचा काळ

कोरेगाव भीमा येथे पुणे-नगर रस्त्यालगतच्या एका किराणा दुकानात गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी सायकलीवर इंग्रजीतून चर्चा चाले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपलेले असे, गिऱ्हाईक विरळ झालेले असे, आणि गादीवर बसलेले 76 वर्षांचे दादाजी समोर स्टुलावर बसलेल्या नातीला कागदावरचे प्रश्न वाचून दाखवीत. नात बी. कॉम. झालेली. पुढील शिक्षणासाठी तिला आयर्लंडला जावयाचे होते आणि त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावयाची होती.

या परीक्षेत बोलण्याची कसोटी 11 ते 14 मिनिटांची असते. प्रारंभी घर, गाव, सवयी यांविषयी साधे प्रश्न विचारतात. मग एक विषय देऊन एक मिनिट विचाराला आणि फार तर दोन मिनिटे बोलण्याला देतात. अखेरीस त्याच विषयावर थोडी खोल चर्चा होते. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारही अंगांना सारखेच वजन. म्हणजे व्याकरण हा चौथाईचा धनी. पण दादाजींच्या लेखी तोच सोळा आणे होता. 48 मिनिटे सामायिकात मौन बसणाऱ्या माणसालाही दोन मिनिटे सलग बोलणे किती अवघड असते, हे त्यांना या निमित्ताने प्रथमच कळले.

दादाजी जुन्या अकरावीचे मॅट्रिक, मराठी माध्यमाचे. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर त्यांचे इंग्रजी घडले. पुढे त्याचा उपयोग रेल्वेच्या पावत्या, बँकेचे ड्राफ्ट आणि विक्रीकराचे कागद यांपुरताच उरला. बोलताना ते अडखळत, पण दुसऱ्याची चूक त्यांच्या कानाला खड्यासारखी लागे. नातीचे नेमके उलट होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे बोलणे धबधब्यासारखे. काळ आणि उपपदे मात्र त्या धबधब्यात वाहून जात.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘आय ड्राइव्ह अ सायकल.’ दादाजींनी हात वर केला. सायकलीला ‘राइड’; ‘ड्राइव्ह’ मोटारीला. चूक तशी स्वाभाविक आहे. मराठी माणूस सायकल, ट्रक, दुकान आणि संसार हे सारे एकाच क्रियापदाने चालवतो. इंग्रज ज्यावर टांग टाकून बसतो त्याला एक क्रियापद लावतो आणि ज्याच्या आत बसतो त्याला दुसरे. मग ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग अ सायकल’ आले. तेथे नुसते ‘हॅव’ पुरते. सर्वांत चिवट ठरली ती ‘पासून’ची चूक. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’ या दोन्हींत आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत कालावधी असेल तर ‘फॉर’ आणि आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’. शिवाय जे तेव्हा सुरू झाले आणि आजही चालू आहे, त्यासाठी साधा वर्तमानकाळ चालत नाही. ‘हॅव बीन’ लागते. नात ‘आय अ‍ॅम रायडिंग सिन्स टेन इयर्स’ म्हणे, आणि दादाजी बिलबुकाच्या पाठीमागे ते वाक्य शुद्ध करून लिहीत.

एकदा दादाजींचीही चूक सापडली. आपल्या सायकलीविषयी ते ‘शी इज स्ट्राँग’ म्हणाले. नात हसली. ‘दादाजी, तिकडे सायकल बाई नसते, वस्तू असते.’ ‘असेल,’ दादाजी म्हणाले, ‘पण इतकी वर्षे तीच मला सांभाळत होती.’ तरी त्यांनी ‘इट’ लिहून घेतले.

ती सायकल अ‍ॅटलसची, 1972 साली घेतलेली. मागे मजबूत कॅरियर, पुढे डायनॅमोचा दिवा. वढू, डिंग्रजवाडी, सणसवाडी येथील उधारी त्यांनी तिच्यावरूनच वसूल केली. कॅरियरला सुतळीने बांधलेली खातेवही असे आणि पावसाळ्यात तीवर मेणकापड. 2020 मध्ये 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकलदिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ती बातमी त्यांनी कापून गल्ल्यात ठेवली आहे.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना नातीने क्लासमधून आणलेले उत्तर म्हणून दाखवले. दहाव्या वाढदिवसाला वडिलांनी लाल सायकल भेट दिली, तिच्यावरून ती मैत्रिणींसोबत बागेत जाई, वगैरे. एकही चूक नव्हती. दादाजींनी विचारले, ‘बेटा, लाल सायकल कोणती?’ लाल सायकल नव्हतीच. ती सायकल शिकली होती दादाजींच्या अ‍ॅटलसवर, दांडीखालून पाय घालून. आणि बागही नव्हती, दुकानामागचे मोकळे आवार होते. पाठ केलेले उत्तर परीक्षकांना ओळखू येते आणि त्याने गुण कमी होतात, हे क्लासनेच सांगितले होते. दादाजींचा आक्षेप त्याहून जुना होता. जे आलेच नाही ते जमेला धरायचे नाही.

मग तिने खरे उत्तर रचावयास घेतले. आजोबांचे वाक्य तिने मोठ्या सावधपणे, ‘पासून’चा सारा हिशेब सांभाळून म्हटले : ‘माय ग्रँडफादर हॅज बीन रायडिंग इट फॉर मोअर दॅन फिफ्टी इयर्स.’ दादाजींनी हात वर केला. तिला चूक दिसेना. ‘फॉर’ बरोबर होते, ‘हॅज बीन’ही बरोबर होते.

‘रोड,’ दादाजी म्हणाले. ‘ही रोड इट.’

मागच्या दिवाळीआधी नगर रस्त्यावर एका ट्रकच्या वाऱ्याने ते सायकलीसकट कडेला पडले होते. मनगट जुळून आले. पण घरच्यांनी सायकल साखरेच्या पोत्यांमागे उभी केली आणि कुलूप लावून किल्ली काढून घेतली. त्यावर घरात कोणी उघड बोलले नव्हते. सारे ‘बरे वाटले की बघू’ म्हणत, आणि तेही ‘बघू’ म्हणत.

नात म्हणाली, ‘परीक्षकाला काय कळणार आहे?’ दादाजींनी बिलबुक पुढे ओढले आणि ‘हॅज बीन रायडिंग’ वर एक आडवी रेघ मारली. चोपड्यात नोंद रद्द करतात तशी, खालची अक्षरे वाचता यावीत अशी. वर ‘रोड’ लिहिले. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. नंतर तिने स्वतः पुढचे वाक्य जोडले : ती सायकल आता दुकानात उभी आहे आणि दर रविवारी दादाजी तिच्या चेनला तेल घालतात. ‘स्टँड्स’ आणि ‘ऑइल्स’. दोन्ही वर्तमानकाळ, दोन्ही खरे. दादाजींनी हात वर केला नाही.

परीक्षेत सायकलीवर एकही प्रश्न आला नाही. शेजाऱ्यांविषयी विचारले आणि चहाविषयी. पुण्याहून परतताना तिने बसमधूनच दुकानात फोन लावला. दादाजींनी आधी बस कोठवर आली ते विचारले. ती म्हणाली, वाघोली गेली. मग त्यांनी विचारले, ‘शेजाऱ्यांना कोणता काळ लावलास?’