दोन वर्षे वाया गेली काय?

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सायंकाळी निपाणीजवळच्या खेड्यातील आमचे एक धर्मग्रामस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थांची थोडी तंबाखूची शेती; पत्नी घरी विड्या वळते. मुलगी अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात बी.एस्सी.ची दोन वर्षे उत्तीर्ण झालेली. मध्यंतरी आजीच्या आजारपणात तिने तीन आठवडे रुग्णालयात काढले होते, आणि तेव्हापासून परिचारिका होण्याचा तिने ध्यास घेतला होता.

बाप म्हणाला, "फादर, हिला आता नर्सिंगची डिग्री करायची हाय. मग कॉलेजात घातलेली दोन वर्सं पाण्यात गेली म्हनायची का?"

वाचकहो, त्या वेळी मी दिलेल्या उत्तराची मला आजही लाज वाटते. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी काढली आहे, एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे जमेस धरता येतात, असे मी वाचले होते. तेवढ्या आधारावर मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "वाया कशी जातील? जमेस धरतील की!" परिचर्येच्या शिक्षणाला निराळी परिषद आहे, तिचे नियम निराळे आहेत, हे पाहण्याची तसदी मी घेतली नाही.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मुलीची आई एकटीच मागे थांबली. प्रवेश मिळवून देणारा एक मध्यस्थ त्यांना भेटला होता. पोरीला एकदम दुसऱ्या वर्षात बसवतो, आधी रक्कम द्या, असे त्याचे म्हणणे. "फादरनीबी तसंच सांगितलं, म्हणून आमी पाटल्या गहाण टाकल्या," ती माउली खाली मान घालून म्हणाली. पैसे अजून घरातच होते, हे दैव. माझ्या एका बेजबाबदार वाक्याने त्या घरचे सोने सावकाराच्या पेटीत गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला व तिच्या वडिलांना घेऊन मी बेळगावला गेलो. तेथील एका परिचर्या महाविद्यालयातील कारकुनाने आमचे सर्व कागद शांतपणे पाहिले. पदवीच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका त्याने बाजूला ठेवल्या आणि बारावीची उचलली. "फादर, आम्हाला लागते ती ही," तो म्हणाला.

त्याने सांगितले ते असे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात, शास्त्रविषयांत मिळून ४५ टक्के गुण लागतात आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. दुसऱ्या शाखेत केलेली पदवीची वर्षे येथे मोजली जात नाहीत. सर्वांना पहिल्या सत्रापासून आरंभ करावा लागतो. ज्यांनी बारावी कला शाखेतून केली आहे त्यांच्यासाठी जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे. ती पूर्ण करून राज्याच्या परिषदेत नोंदणी झाली, की पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. मागचे शिक्षण जमेस धरून पदवीला पोहोचण्याची आपल्याकडची खरी वाट हीच. आणि तेथेही जमेस धरले जाते ते परिचर्येचेच शिक्षण.

आमच्या मुलीपुढे हिशेब स्पष्ट झाला. पदविकेच्या वाटेने तीन आणि दोन अशी पाच वर्षे, नव्याने पदवी धरली तर चार.

परतीच्या बसमध्ये बाप गप्प होता. मला माझे सेमिनरीचे दिवस आठवले. मी इतिहासाची पदवी घेऊन तेथे गेलो होतो. पदवीधर म्हणून माझे एखादे तरी वर्ष कमी होईल, अशी आशा होती. एक दिवसही कमी झाला नाही. शाळा सोडून आलेल्या मुलांच्या शेजारी बसताना मनात राग होता. पुढे प्रवचने लिहू लागलो तेव्हा तोच इतिहास हाताशी आला. हे मी त्यांना सांगितले. बाप एवढेच म्हणाला, "तुमचं खरं हाय फादर, पर फी कोन भरनार?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

परदेशात निराळी रीत आहे. अमेरिकेत येशूसंघाच्या सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी परिचर्येचा शीघ्र अभ्यासक्रम सुरू केला. आज तिकडे असे अभ्यासक्रम अनेक असून ते एक-दीड वर्षात पुरे होतात. अर्धवट पदवीचे श्रेयांकही काही विषयांपुरते मान्य होतात. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून शिकण्याचे तास तेथेही कोणाला माफ नाहीत.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणी कर्नाटकात, पण देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. आमच्या मुलीची बारावीही महाराष्ट्र मंडळाची. कर्नाटकात येताना स्थलांतराचा दाखला व विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागले. सरकारी कोट्यातील जागांसाठी कर्नाटकात किती वर्षे शिक्षण झाले हे पाहतात; तेव्हा अकरावीला सीमा ओलांडण्यापूर्वीच पालकांनी चौकशी केलेली बरी.

पाटल्या आठवड्याभरात सुटून आल्या. मध्यस्थाला निरोप गेला. थोडे शैक्षणिक कर्ज, थोडी मामाची मदत, अशी जुळवाजुळव होऊन मुलगी पहिल्या वर्षाला बसली. आज ती तिसऱ्या वर्षात आहे.

गेल्या नाताळात ती भेटली तेव्हा मी भीतभीतच विचारले, "ती दोन वर्षे वाया गेली असे वाटते का गं?" ती हसली. "नाही फादर. जीवरसायनशास्त्र मला सोपं गेलं, वसतिगृहातल्या मुलींना मीच समजावून सांगत होते. पण पहिल्यांदा एका म्हाताऱ्या आजीला अंथरुणातच अंघोळ घालायची होती, तेव्हा माझे हात कापत होते. ते मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं."

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलीने अभ्यासक्रम बदलायचे म्हटले तर रागावू नका. वीस-एकवीस हे वय काही उशिराचे नव्हे. मात्र पैसे देण्यापूर्वी स्वतः महाविद्यालयात जा. विद्यापीठाची व राज्य परिषदेची मान्यता आहे काय, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे काय, हे विचारा. थेट दुसऱ्या वर्षाचे आश्वासन कोणी दिले, तर ते लेखी मागा. आणि असल्या बाबतीत तुमचा धर्मगुरू काही सांगू लागला, तर त्यालाही नम्रपणे विचारा, "फादर, हे तुम्ही कुठे पाहिले?"