गर्भपिशवी काढायची का, हे कोण ठरवणार?

मैत्रिणींनो, "पाळी म्हटली की दुखायचंच" हे वाक्य तुम्ही किती जणींकडून ऐकलंय? माझ्या मावशीने ते वीस वर्षं ऐकलं. ४४ व्या वर्षी ती बेळगावहून आमच्याकडे बेंगळुरूला आली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. पाळी आठ-दहा दिवस चालायची आणि प्रवासात पिशवीत एक जादा साडी असायचीच. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला आणि आजाराचं नाव कळलं: अ‍ॅडेनोमायोसिस.

म्हणजे नेमकं काय?

गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच अस्तर या आजारात गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत वाढतं. भिंत जाड होते, रक्तस्राव आणि कळा वाढतात. हा कॅन्सर नाही. पाळी कायमची थांबली की त्रासही सहसा थांबतो.

पण घरचे आणि नातेवाईक एकच सांगत होते, "पिशवी काढून टाक, मोकळी हो." कुणी म्हणालं, "अंडाशयंही काढ, पुढे कटकट नको."

हा सल्ला किती सहज दिला जातो, ते बीडने दाखवलं. तिथे तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढल्याची माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात दिली गेली. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी कापली जायची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला, की गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा.

मग शस्त्रक्रिया वाईट का?

अजिबात नाही. अ‍ॅडेनोमायोसिसवर खात्रीचा, कायमचा उपाय गर्भाशय काढणं हाच आहे. पण तो पहिला उपाय नाही. आधी गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायची हार्मोनची टी असते. मूल हवं असेल तर काही जणींमध्ये फक्त बिघडलेला भाग काढता येतो. पण फायब्रॉइडची गाठ जशी अलगद सुटून येते तसं इथे होत नाही, आणि पुढच्या गरोदरपणात जास्त काळजी घ्यावी लागते. गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी करणारा, विनाटाक्याचा उपायही काही ठिकाणी होतो.

डॉक्टरांना हे नक्की विचारा

• माझ्यासाठी शस्त्रक्रियेशिवाय काय शिल्लक आहे?
• पाळी जायला थोडीच वर्षं असतील, तर थांबता येईल का?
• अंडाशयं ठेवणार ना? काढणार असाल तर कारण काय?
• गर्भाशयाचं तोंड ठेवणार की काढणार? ठेवलं तर कॅन्सरची तपासणी पुढेही लागते.
• दुर्बिणीतून होईल का? विश्रांती किती?

अंडाशयं वेळेआधी काढली तर पाळी एकदम बंद होते. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

मावशीने हे सगळं विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं. वर्षभर टी वापरली. रक्तस्राव कमी झाला, पण कळा थांबल्या नाहीत. मग तिने स्वतः ठरवून गर्भाशय काढलं, अंडाशयं ठेवली. सहीचा कागद काकांनी पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "आधी वाचू दे."

तुमच्या घरात कुणी गोळ्या खाऊन पाळीचे दिवस ढकलत असेल, तर तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला न्या. आणि सही करायची वेळ आलीच, तर कागद तिला वाचू द्या.