पाणी बंद आहे, एवढंच

गुरुवारी पाणी बंद राहणार, हे आमच्या कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर मी अगदी खणखणीत सांगते. कोणत्या पेठा, कोणती उपनगरं, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल, सगळं. ही दुरुस्ती सारखी सारखी का निघते, हे मात्र विचारायचं नाही. ते विचारलं की सूचनेची बातमी होते, आणि बातमी द्यायची आम्हाला परवानगी नाही.

आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा; हवामान, वाहतूक, वीज, परीक्षा, नोकऱ्या सांगा; स्वतःची बातमी नको. खासगी एफएमचीही हीच गत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं. 2002 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना, 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना रेडिओ केंद्र काढायची मुभा दिली. बातमीचं दार काही उघडलं नाही. आणि मी शिकते काय, तर ब्रॉडकास्ट जर्नलिझम!

सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राचं बातमीपत्र वही घेऊन ऐकायचं, हा मॅडमचा शिरस्ता. सुरुवातीला मी बातम्या लिहून घ्यायचे. हळूहळू वाक्यं कुठे संपतात ते टिपायला लागले. पेपर वाचणाऱ्याला अडलं तर वरच्या ओळीवर जाता येतं. रेडिओ ऐकत पोळ्या लाटणाऱ्या बाईला ती सोय नसते. म्हणून ‘ज्यांनी’, ‘ज्यामुळे’ची शेपटं कापायची. टीव्हीच्या लॅबमध्ये वेगळीच तऱ्हा. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळायच्या, असं सांगतात. आमच्या वर्गाने ती परंपरा निष्ठेने चालवली आहे: वर ब्लेझर, खाली ट्रॅकपँट, मागे हिरवा पडदा.

सत्राच्या प्रोजेक्टला मी पाच मिनिटांचं रेडिओ फीचर घेतलं आणि मार्केट यार्डात भुसार बाजारात गेले. विषय हमालांचा. पुण्यात बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आहे, तिचं ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र आहे, 1969 चा माथाडी कायदा आहे. वाचून गेले होते सगळं. तिथे पोचल्यावर पहिली अडचण आली ती शिंकांची. गव्हाची धूळ! ट्रकच्या फाळक्यापाशी रेकॉर्डर धरला आणि हेडफोन लावले. डोळ्यांना नुसती ये-जा दिसत होती; कानात मात्र पोत्यात हुक शिरल्याचा ‘खस्स’, पाठीवर वजन पडताना तोंडातून निघणारा हुंकार, मग फळीवर पावलं. फळी दर वेळी वेगळी वाजते. रिकाम्या पाठीने परतणाऱ्या माणसाखाली ती वाजतच नाही म्हटलं तरी चालेल.

ज्या काकांशी बोलले ते आधी मला ‘मॅडम’ म्हणत होते, चहा झाल्यावर ‘पोरी’वर आले. पूर्वी क्विंटलचं पोतं उचलायचो, आता पन्नास किलोचं, असं सांगताना मध्येच म्हणाले, “वजन कमी झालं गं, पण हमालीच्या दराचं घोडं अडलंय. बैठका होतात, चहा होतो, कागद पुढच्या महिन्यावर जातो.” बाईट म्हणावा तर असा. छोटी वाक्यं, एकही शेपूट नाही. सकाळचं बातमीपत्र ऐकून मी जे शिकत होते ते त्यांना उपजतच येत होतं.

मॅडमनी तेवढाच तुकडा काढायला सांगितला. चालू वाटाघाटी म्हणजे चालू घडामोडी; परवान्याचा प्रश्न. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

तुकडा काढणं सोपं नसतं. बोलण्यामागे ट्रकचं इंजिन चालू असतं. वाक्य कापलं की इंजिनही उडी मारतं आणि ऐकणाऱ्याला टाका दिसतो. त्यासाठीच जागेवर कुणी न बोलता नुसता अँबियन्स भरून आणायचा असतो. तो मी खालून पसरला, दोन्ही टोकं श्वासावर जुळवली. “आता पन्नास किलोचं” यानंतर काका सरळ “पोरगी नर्सिंगला आहे” वर येतात. कुणाला कळणार नाही, इतकं स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, एडिट उत्तम आहे. वर्षभर ज्या हातचलाखीसाठी धडपडले, तिचा पहिला चोख उपयोग एका माणसाचं म्हणणं गायब करण्यासाठी झाला, आणि त्याचे मार्क मला मिळाले.

हा नियम मला हास्यास्पद वाटतो. शंभर वॅटचा आमचा ट्रान्समीटर, पाच-दहा किलोमीटर ऐकू जाणार. मोबाइल हातात असलेला कोणीही यूट्यूबवर काहीही बातमी म्हणून सांगतो, ते जगभर दिसतं. जबाबदारीने बातमी कशी द्यावी हे शिकणाऱ्या पोरांनाच तेवढी बंदी. चुका होतील म्हणून भीती असेल, तर त्या आमच्याकडून इथेच होऊ देत. उद्या चॅनेलमध्ये गेल्यावर कोण सुधारणार?

प्रक्षेपणाच्या दिवशी काकांनी गाळ्यावर मोबाइलचा एफएम मोठ्याने लावून ठेवला होता. लगेच फोन आला. “झकास झालंय. दराचं कुठं गेलं पण?”

मी नियम सांगितला. पलीकडे कुणाला तरी त्यांनी तो जसाच्या तसा ऐकवला, हशा पिकल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “तुझ्याकडं आहे ना ते? व्हॉट्सॲपवर टाक. आमच्या ग्रुपवर साडेतीनशे माणूस आहे.”

न कापलेली फाइल मी त्याच संध्याकाळी पाठवून दिली.